हुलैसांच्या मशिदीतला भाला

१

कूफा शहरातल्या त्या गल्लीत उन्हाळ्यात सारी माणसे गच्चीवर निजत. त्या बुधवारी मिहरान पहाटेची बांग ऐकून उठला, चटई गुंडाळून भिंतीला टेकवली आणि खाली येऊन रांजणातल्या पाण्याने हातपाय धुतले. नमाज त्याने आपल्याच अंगणात पढला. गेले वर्षभर त्याचा हाच शिरस्ता होता. गल्लीत साठ पावलांच्या अंतरावर दोन मशिदी उभ्या राहिल्यापासून एकीत पाऊल टाकले की दुसरीकडच्यांची तोंडे वाकडी होत. मग जवाची भाकरी आणि सिरक्यात बुडवलेला कांदा. मग मोजणीची दोरी. दोरीच्या गाठी लाकडी गजाशी ताडून पाहिल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे, कारण दोरी ऋतुमानाप्रमाणे आखडते नि सैलावते, आणि कोणाची भिंत कोणाच्या जागेत किती सरकली याचा निवाडा काझी त्याच्या दोरीवर विसंबून देत.

तो जन्माने इराणी, गवंड्याच्या घरातला, आणि अरबांच्या एका दूरच्या टोळीचा आश्रित. गल्लीतल्या रिफाद आणि हुलैस या दोन भावकींपैकी एकीशीही त्याचे रक्ताचे नाते नव्हते. त्याच्या कामाला ते सोयीचेच होते.

तो सहाव्या गाठीपर्यंत आला होता, तेवढ्यात गल्लीत ओरडा उठला.

हुलैसांच्या नव्या मशिदीच्या दारात गर्दी होती. मध्यभागी रिफादांचा म्होरक्या शेख कुदामा दोन्ही हातांनी एक आखूड भाला डोक्यावर धरून उभा होता. त्याच्या आजोबांनी इराकच्या लढाईतून आणलेला हा भाला रिफादांच्या जुन्या मशिदीत मक्केच्या दिशेच्या भिंतीशी रोवलेला असे, आणि इमाम त्याच्यामागे उभा राहून नमाज चालवी. आज उजाडल्यावर तो जागेवर नव्हता. कुदामाने आपले दोन पुतणे घेऊन हुलैसांच्या मशिदीत शोध घेतला आणि भाला तिथे भिंतीलगत खड्यांखाली पुरलेला सापडला.

“चोरांची मशीद ही!” कुदामा ओरडत होता. “फूट पाडायला बांधली, आणि आता चोरीचा माल लपवायला वापरतात!”

मशिदीचा तरुण इमाम सिमाक कोतवालाच्या दोन शिपायांमध्ये उभा होता. त्याचे पागोटे सुटून गळ्यात आले होते.

कोतवालाने फारसे ऐकून घेतले नाही. जितक्या मशिदी तितके पुढारी आणि जितके पुढारी तितकी बंडे, असा सुभेदारांचा हिशोब शहराला ठाऊक होता. प्रेषितांच्या हयातीत श्रद्धावंतांत फूट पाडण्यासाठी बांधलेली एक मशीद पाडली गेली होती. त्या दाखल्यावर बोट ठेवून कुदामाने महिनाभरापूर्वीच काझींकडे तक्रार गुदरली होती. तिला आता चोरीची जोड मिळाली. मशीद पाडायची, सिमाकला फटके मारून शहराबाहेर काढायचे, असे कोतवालाने जागच्या जागीच ठरवले. कुदळीवाले मजूर गल्लीच्या तोंडाशी येऊन बसलेसुद्धा.

तेवढ्यात काझींचा निरोप आला: तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत कोणी एक वीटही हलवायची नाही, तोवर मिहरान चौकशी करील.

कुदामाने मिहरानला आपादमस्तक न्याहाळले. “आता आमच्या आजोबांच्या भाल्याचा न्याय हा विटा मोजणारा करणार?”

“विटाही मोजीन, शेख,” मिहरान म्हणाला. “आधी खडे मोजतो.”

२

हुलैसांच्या मशिदीची जमीन कालपर्यंत नुसती मातीची होती. आता तिच्यावर चार बोटे जाडीचा खड्यांचा थर होता. वाळवंटाच्या कडेच्या कोरड्या ओढ्यातले तांबूस, कोनेदार खडे. भिंतीलगतच्या खळग्यापाशी मिहरान गुडघ्यांवर बसला. खळगा हातांनी उकरलेला होता, फावड्याने नव्हे. कडेच्या मातीत बोटांच्या खुणा होत्या, आणि उकरलेली माती खड्यांत मिसळू नये म्हणून कोणीतरी ती बाजूला नीट ढीग करून ठेवली होती. भाला पुरताना त्याच मातीचा अर्धा भाग वापरला होता. उरलेली तशीच होती.

“चोर मोठा टापटिपीचा दिसतो,” तो पुटपुटला.

शिपायांनी सिमाकला अंगणातल्या खजुराच्या बुंध्याशी बांधून बसवले होते. तो पंचविशीचा होता, आणि भीती लपवण्यासाठी फार बोलत होता.

“मिहरानकाका, मी भाला चोरीन तर तो आमच्याच मशिदीत पुरीन? एवढा गाढव आहे का मी?”

“कोतवालाला तू गाढव असलास तर हवाच आहेस. खडे कधी टाकले?”

“काल. शेवटची दोन गाढवं सूर्य मावळायच्या जरा आधी आली. आम्ही सगळ्यांनी मिळून पसरले. नंतरचे दोन्ही नमाज त्यांच्यावरच झाले.”

“रात्री आत कोण होतं?”

“कोणी नाही. दाराला अजून फळ्याच बसवल्या नाहीत. कोणीही येईल.”

“तुमच्यापैकी कोणी रिफादांच्या मशिदीत जातं?”

सिमाक हसला, पण त्या हसण्यात कडवटपणा होता. “वर्षभरात एकही नाही. शपथ घेतलीय सगळ्यांनी. ज्याला जास्त कुराण पाठ, तो इमाम, ही रीत. मला सगळं पाठ आहे. शेखच्या भावाला अर्धं. तरी त्यालाच पुढे उभं केलं, तेव्हा आम्ही उठलो. शपथ घ्यायची मला हौस नव्हती, काका. मी त्या मशिदीतच शिकलो. अबू सुमामांच्या मांडीवर.”

अबू सुमामा हा रिफादांचा बांग देणारा. तीस वर्षे तो त्या छतावरून बांग देत होता.

“ते अजून बोलतात तुझ्याशी?”

“समोर आले की खाली बघतात.” सिमाकने गल्लीच्या तोंडाकडे पाहिले. “मशीद पाडतील का हो खरंच?”

“तिसऱ्या प्रहरापर्यंत तरी नाही,” मिहरान उठत म्हणाला. “आणि नंतरही नाही, माझा अंदाज बरोबर असेल तर.”

“अंदाज काय आहे तुमचा?”

मिहरानने खाली वाकून एक तांबूस खडा उचलला आणि कमरेच्या शेल्यात ठेवला.

३

रिफादांच्या मशिदीला कुलूप होते आणि किल्ली कुदामाच्या कमरेला होती.

“भाला नाही हे दिसताक्षणी मी सगळ्यांना बाहेर काढलं नि कुलूप घातलं,” कुदामा दार उघडत म्हणाला. “पुरावा कोणी बिघडवू नये म्हणून. म्हणजे आम्हालाही अक्कल आहे, बरं का.”

“त्यानंतर आत कोणी गेलं नाही?”

“मीसुद्धा नाही. इथून थेट त्यांच्याकडे शोधायला, तिथून कोतवालाकडे.”

“हे फार उपयोगाचं केलंत, शेख.”

कुदामाला स्तुती अपेक्षित नव्हती. तो नुसताच हुंकारला.

इथली जमीन फरात नदीच्या काळ्या-करड्या खड्यांची होती, तीस वर्षांच्या कपाळांनी आणि गुडघ्यांनी गुळगुळीत झालेली. भिंतीशी भाल्याचे भोक तसेच उघडे होते. कडा तुटलेल्या नव्हत्या. भाला हिसकून नव्हे, फिरवत फिरवत सावकाश काढला होता. मिहरानने ते पाहिले आणि तो दाराकडे वळला.

दाराच्या आतल्या बाजूला एक गळके मडके होते. मशिदीतला खडा चुकून बाहेर गेला तर तो नेणाऱ्याला शपथ घालतो, मला परत ने म्हणतो, अशी गल्लीतल्या जुन्या माणसांची श्रद्धा होती. वहाणेत किंवा कपड्यांच्या घडीत गेलेले खडे लोक आणून या मडक्यात टाकत, आणि शुक्रवारी ते पुन्हा जमिनीवर पसरले जात. मडके निम्मे भरले होते. सगळे खडे काळे-करडे, आणि सर्वांत वर तीन तांबूस. त्यांच्यावर मातीचा कण नव्हता. मिहरानने त्यांखालच्या नदीच्या खड्यांवर बोट टेकवले. बोटाला ओल लागली.

तो उठला, शेल्यातून आपला खडा काढून तळहातावर धरला, आणि बाहेर उन्हात उभ्या असलेल्या कुदामाकडे गेला.

“शेख, हा हुलैसांकडचा खडा माझ्या वहाणेत आला. तुम्ही मोठे. हा परत नेऊन टाकायला हवा ना?”

“परत?” कुदामाने खडा उचलला आणि हात मागे घेऊन गल्लीच्या त्या टोकाला भिरकावून दिला. एक कोंबडी फडफडत बाजूला झाली. “खडा परत न्यायचा तो मशिदीतला. हा गोठ्यातला खडा. ती मशीद आहे असं माझ्या तोंडून वदवून घेतोस होय रे?”

“तुमचे पुतणेही असंच म्हणतील?”

“माझ्या घरात दुसरं कोणी म्हणून तर बघू दे!”

“ठीक आहे,” मिहरान म्हणाला. “तुम्ही निर्दोष आहात, शेख.”

कुदामाचा चेहरा आधी लाल झाला आणि मग गोंधळला. “मी? माझ्यावर संशय होता तुझा?”

“अर्धा तास.”

४

दोन्ही मशिदींच्या मध्ये सिमाकच्या आईचे, उम्म जुंदुबचे घर होते. ती सिरका घालून विकी. मिहरान गेला तेव्हा ती माठाच्या तोंडाचे फडके आवळत होती, आणि तिने वर न पाहताच सुरुवात केली.

“ये, बस. माझ्या लेकाला फटके किती मारणार, तेवढं सांग. औषधाला किती सिरका लागेल ते बघून ठेवते.”

“मारू देणार नाही. मला फक्त पहाटेचं सांगा, उम्म जुंदुब. तुमच्या गच्चीवरून दोन्ही दारं दिसतात.”

“दिसतात. आणि मला झोप नसते. पण कोतवालाच्या माणसाला सांगितलं तेच तुला सांगते, परकं कोणी आलं नाही. चोर नाही, कुत्रं नाही, कोणी नाही.”

“परकं नाही. आणि आपलं?”

“आपलं म्हणजे? रोजचंच. म्हातारा उठला, काठी घेऊन गल्लीतून गेला. त्याला बांग द्यायची असते, त्यात काय सांगायचं?”

“कुठल्या बाजूला गेला?”

तिचे हात थांबले. ती आता पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होती.

“अंधार होता,” ती सावकाश म्हणाली.

“बांग कोणाची आधी झाली?”

“आमची.” तिच्या तोंडून ते निसटले, आणि मग थांबणे तिला जमले नाही. “वर्षभरात पहिल्यांदा आमच्या बांग देणाऱ्या पोराची आधी झाली. नाहीतर म्हातारा कधी ऐकून घेतो का कोणाचं? कोंबड्याच्या आधी त्याचा आवाज. मी आज उठून ओरडलेसुद्धा, ‘काय हो अबू सुमामा, आज म्हाताऱ्या हाडांना चटई सोडवेना का?’ गंमत म्हणून. त्यांनी वळून नाही बघितलं.”

मिहरानलाही आता पहाटेचे आठवले. आधी कोवळा आवाज, मग जुना. काहीतरी उलटे झाल्यासारखे त्याला चटईवरच वाटले होते, आणि त्याने ते झोपेवर ढकलले होते.

उम्म जुंदुबने त्याचा शेला धरला. “मिहरान. माझ्या पोराला त्यांनी बोलायला शिकवलं. माझा नवरा गेला तेव्हा त्यांनीच खांदा दिला. तू चुकतोयस.”

“चुकलो तर मला बरंच वाटेल,” मिहरान म्हणाला. पण दोरी ताडून झाल्यावर मापात त्याला सहसा शंका उरत नसे, आणि आताही ती नव्हती.

५

रिफादांच्या मशिदीच्या बाहेरून एक जिना छतावर जाई. वर, ताटीच्या सावलीत, अबू सुमामा बसला होता. त्याची काठी, एक चटई, पाण्याची एक सुरई. तीस वर्षांचा संसार एवढाच.

“अस्सलामु अलैकुम, अबू सुमामा.”

“वालैकुम अस्सलाम. जिना चढून आलास म्हणजे मोजायला काहीतरी सापडलंय.”

“तीन खडे सापडले.”

मिहरान त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि भिंतीचे माप सांगावे तशा सरळ आवाजात बोलू लागला.

“मडक्यात हुलैसांचे तीन खडे आहेत. ते खडे काल संध्याकाळी त्यांच्या मशिदीत आले, आणि आज पहाटेनंतर ही मशीद कुलूपबंद आहे. म्हणजे रात्री तिकडे जाऊन आलेला माणूस उजाडायच्या आत इथेही आला. हुलैसांपैकी इथे कोणी पाऊल टाकत नाही. म्हणजे माणूस रिफादांचा.”

“रिफादांचे अकरा जण इथे येतात.”

“हो. पण खडे धुतलेले आहेत. वहाणेतून पडलेले नाहीत, आणून ठेवलेले आहेत. शेखसाहेबांना मी एक खडा दिला, तो त्यांनी गल्लीत भिरकावला. त्यांच्या लेखी ती मशीदच नाही, मग तिचा खडा परत कशाला करायचा? त्यांच्या पुतण्यांचंही तेच. ज्यानं भाला पुरला तो मात्र तसं मानत नाही. त्याच्या कपड्यांत खडे आले आणि त्याला वाटलं की हे देवाच्या घरचे आहेत, रस्त्यावर टाकता यायचे नाहीत. ती मशीद पाडायला निघालेला माणूस मनातून तिला मशीद मानत होता. असा माणूस या गल्लीत मला एकच माहीत आहे. आणि आज त्याची बांग उशिरा झाली.”

खाली गल्लीत मजुरांपैकी कोणीतरी कुदळीचा दांडा दगडावर ठोकून घट्ट करत होता. तो आवाज वरपर्यंत येत होता.

“बाहीत अडकले होते,” अबू सुमामा अखेर म्हणाला. “दाराशी आलो तेव्हा झटकली आणि पडले. परत न्यायला निघालो, तर त्यांचा पोरगा बांग द्यायला चढत होता. मग म्हटलं, मशिदीचे खडे निदान मशिदीत राहतील.” त्याने हात मांडीवर ठेवले, नखांत अजून तांबूस माती होती. “धुतले, कारण मला त्यांची लाज वाटत होती. की माझी, कोण जाणे.”

“सिमाकला पकडतील हे नव्हतं का डोक्यात आलं?”

“मशीद पडेल एवढंच आलं. पडली की सगळे परत इथे येतील, एका ओळीत उभे राहतील. पूर्वी चार ओळी व्हायच्या, मिहरान. आता एक होते, तीही पुरती नाही. मी वरून बांग देतो आणि कोण येतंय ते बघत बसतो. उठून गेलेल्यांपैकी येत कोणी नाही. तिकडून सिमाकचं पठण ऐकू येतं. मी शिकवलेलं. तो माझ्यापेक्षा बरं पढतो, आणि मी ते भिंतीआडून ऐकायचं.” त्याने काठी जवळ ओढली. “शिपायांनी त्याचं पागोटं ओढलं तेव्हा मी खाली जायला हवं होतं. पाय उचलला नाही.”

“आता उचलेल?”

“तू काझींना सांगणारच.”

“मी विचारलं तेवढंच सांगा. मी गेलो तर कोतवाल म्हणेल, इराण्यानं तीन खड्यांवर गोष्ट रचली. आणि शेख ते उचलून धरतील. तुमच्या तोंडून आलं तर काझींना दुसरं काही ऐकायचंच उरणार नाही. दुपारपर्यंत मी इथे बसतो. नंतर मला जावंच लागेल, एकट्याला का होईना.”

“पोराला तोवर किती ऊन लागेल?”

“खजुराची सावली आहे.”

अबू सुमामाने सूर्याकडे पाहिले. मग उठून त्याने सुरईतल्या पाण्याने हात, तोंड, पाय धुतले, कठड्याशी जाऊन कानांवर हात ठेवले आणि दुपारची बांग दिली. घाई केली नाही, शेवट लांबवलाही नाही. खाली रिफादांचे लोक जमू लागले. बांग संपली तसा तो काठी घेऊन जिना उतरला, आणि दाराशी ताटकळत उभ्या असलेल्या कुदामाला म्हणाला, “शेख, तुम्ही सुरू करा. मला शहराच्या मोठ्या मशिदीत जायचंय, काझींकडे.”

“या उन्हात? कशाला?”

“भाल्याचं सांगायला. मी तो नेला होता.”

कुदामाचे तोंड उघडे राहिले. त्याचा एक पुतण्या हसला आणि लगेच गप्प झाला. म्हातारा थांबला नाही. मिहरान त्याच्यामागून दहा पावलांवर चालत राहिला, कारण सोबत चालला असता तर ते धरून नेल्यासारखे दिसले असते.

मोठ्या मशिदीत काझी आपल्या नेहमीच्या खांबाशी बसले होते. अबू सुमामाने त्यांच्यासमोर बसून सारे सांगितले: कधी, कशाने उकरले, का. मिहरानला एकही शब्द घालावा लागला नाही. काझींनी एकच प्रश्न विचारला.

“हुलैसांची ती इमारत मशीद आहे असं तुम्ही मानता?”

“मानतो,” अबू सुमामा म्हणाला. “नमाज होतो तिथे. चांगला होतो.”

“रिफादांचा सर्वांत जुना माणूस असं म्हणत असेल, तर तक्रार उरली नाही.” काझींनी लेखनिकाला बोटाने खूण केली. “सिमाकला सोडा. मजुरांना घरी पाठवा. तुमचं काय करायचं ते मी उद्या रिफादांना आणि हुलैसांना एकत्र बसवून ठरवीन.”

“माझं मी ठरवलंय,” म्हातारा उठत म्हणाला. “दंड तुम्ही द्या, तो भोगीन. पण खोटा आळ घालणाऱ्याच्या आवाजावर लोकांनी देवापुढे उभं राहायचं, हे बरं नाही.”

काझींच्या हुकुमाची चिठ्ठी मिहरानने कोतवालाच्या हातात दिली. कोतवालाने ती दोनदा वाचली, थुंकला, आणि मजुरांना हाताने जा म्हणून सांगितले. ते कुदळी खांद्यावर टाकून उठले. एकाने जाताना उम्म जुंदुबच्या दारात पाणी मागितले आणि तिने दिलेही. सिमाक दोरखंडाचे वळ चोळत गल्लीत उभा होता. त्याने अबू सुमामाला येताना पाहिले, आणि तो बाजूला झाला, वाट मोकळी करून देत.

तिसऱ्या प्रहराला अजून अवकाश होता. अबू सुमामा जिना चढून वर गेला. थोड्या वेळाने तो काखेत चटई आणि हातात सुरई घेऊन खाली उतरला, जिन्याच्या तोंडाची झडप त्याने ओढून घेतली, आणि घरी गेला.